गोल्डझिहरच का?

इस्लामचा अभ्यास करणाऱ्या जुन्या युरोपियनांचा विषय निघाला की मला एक प्रश्न हमखास येतो: 'सगळे साम्राज्याचे चाकर! त्या इग्नाझ गोल्डझिहरचं तुम्ही एवढं काय घेऊन बसता?'

सगळे नव्हते. गोल्डझिहरचा मित्र, डच अभ्यासक स्नूक हुर्खरोन्ये, सुमात्रातल्या आचेच्या युद्धात डच सरकारला सल्ले देत होता, हे खरं. गोल्डझिहर मात्र हंगेरीतला ज्यू. एकोणिसाव्या वर्षी लायपझिगची डॉक्टरेट, तेविसाव्या वर्षी कैरोच्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठात शेखांपुढे बसून धडे. परतल्यावर पगारी प्राध्यापकपद मिळायला पन्नाशी उलटावी लागली. तोवर, १८७६ पासून, पेस्टच्या (आजच्या बुडापेस्टच्या) ज्यू समाजाच्या कार्यालयात चिटणिसी. त्या नोकरीवर रोजनिशीत त्याने इतकं कडू लिहिलंय की कधीकधी 'पुरे आता' म्हणावंसं वाटतं. तरी १८९४मध्ये केंब्रिजने बोलावलं तेव्हा गेला नाही.

हदीसवरचं त्याचं मुख्य काम याच चिटणिसीच्या काळातलं, १८८९-९०चं. हदीस म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी. प्रत्येकीसोबत कुणी कुणाकडून ऐकलं याची साखळी, म्हणजे इस्नाद. ही साखळी तपासण्याचं शास्त्र मुस्लिम विद्वानांनी शतकानुशतकं घडवलं होतं. गोल्डझिहरने साखळीपेक्षा मजकुरावर बोट ठेवलं. हे वचन कुणाच्या उपयोगाचं? पैगंबरांनंतरच्या उमय्या राजघराण्याच्या, त्यांच्या विरोधकांच्या, की फिकहच्या, म्हणजे इस्लामी कायद्याच्या, एखाद्या गटाच्या? त्याच्या मते बऱ्याच हदीस पैगंबरांच्या काळाबद्दल कमी आणि पुढच्या दोन शतकांतल्या वादांबद्दल जास्त सांगतात.

नामदेवांच्या गाथेत नंतरच्या विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळलेत, हे आपल्याला ठाऊक आहे. प्रक्षिप्त म्हणून ते बाजूला काढले तरी त्यांच्या काळाचा पुरावा म्हणून उरतातच. गोल्डझिहर हदीस तशी वाचतो. खोटेपणा उघड करून मिरवायची हौस मला त्याच्यात दिसत नाही. कैरोत तर तो मुसलमानांबरोबर मशिदीत नमाजालाही उभा राहिला होता. ज्यू मात्र शेवटपर्यंत राहिला.

त्याचा संशय काही ठिकाणी फार ताणलेला आहे, असं माझंही मत. उत्तर प्रदेशातल्या मऊचे मुहम्मद मुस्तफा आझमी यांनी केंब्रिजमध्ये संशोधन करून हदीस सुरुवातीपासूनच लिहून ठेवल्या जात होत्या, अशी बाजू मांडली आणि गोल्डझिहरचे दाखले एकेक करून तपासले. साम्राज्याचा चाकर म्हणून त्याला निकालात काढण्यापेक्षा हे कितीतरी कष्टाचं काम. गोल्डझिहर नको असेल तर आधी आझमी वाचा, असंच मी विचारणाऱ्यांना सांगतो.