तुम्ही विचारलंत म्हणून: मीरा, पण तमिळ

"हिंदी 'मीरा' आहे की! त्यातही एम. एस. सुब्बुलक्ष्मीच आहेत. मग तुम्ही १९४५चा तमिळ सिनेमाच का धरून बसता, आणि तोही तमिळ येत नसताना?" गाण्यातल्या प्रत्येक ओळखीच्या माणसानं मला हे विचारून झालंय. आता एकदाच सांगते.

१९४७ची हिंदी आवृत्ती मी पाहिली आहे. सुरुवातीला सरोजिनी नायडू स्वतः पडद्यावर येऊन एमएसची ओळख करून देतात. पण माझ्या कानात बसलंय ते तमिळमधलं गाणं, 'काट्रिनिले वरुम गीतम', आणि ते तमिळ लेखक कल्कींनी लिहिलंय, मीरेनं नाही.

एवढ्यावरूनच आमच्या भजनी मंडळात एका एकादशीला मला थांबवलं. पहिली ओळ झाली, दुसरी उचलली, तेवढ्यात शेजारून हात आला आणि पेटीचा भाता मिटला. "मीरेचं म्हण काहीतरी. हे सिनेमातलं." टाळ मांडीवर ठेवून सगळ्या जणी माझ्याकडे बघत राहिल्या. तबल्यावरचे काका उगीच हातांना पावडर चोळत बसले. मी निमूट 'पायोजी मैंने' म्हटलं. सूर लागला, वाहवा झाली, आणि ती वाहवा मला आजही सलते.

मीरेच्या हातची वही कुणाकडे आहे? तिची पदं तोंडोतोंडीच आली ना? मग एका तमिळ लेखकानं त्यात चार ओळी घातल्या तर बिघडलं कुठे? दिग्दर्शक एलिस डंगन अमेरिकन, त्यांनाही तमिळ येत नव्हतं. एमएसच्या चेहऱ्यावर प्रकाश कसा पडेल हे बघायला त्यांनी तिचा प्लास्टरचा अर्धपुतळा करून घेतला होता! 'नंदबाला' गाण्यात छोट्या मीरेचं काम करणारी राधा गाता गाता मोठी होऊन एमएस होते, तिथे मला शब्द कळावे लागत नाहीत.

पण त्या एकादशीची मी आजही माझ्याशी भांडते. म्हणते, गाणं राहू दे, राणाचं बोल. नागय्यांनी केलेला राणा, मीरेचा नवरा, इतका प्रेमळ, की तिला देऊळ बांधून देतो. लोकलाज सोडलेल्या बाईला एवढा समजूतदार नवरा दिला की तिचं बंड बोथट होतं. हे तिचं मला पटतं. तरी पुढच्या एकादशीला पेटी माझ्याकडे आली तर मी 'काट्रिनिले'च म्हणणार, आणि या वेळी पूर्ण.