एकाचा पहारा, एकाची झोप : ब्रिटनी ते बार्बाडोस

आमची शिडाची बोट ३८ फूट लांबीची आहे आणि तिच्यावर नवरा आणि मी असे दोघेच असतो. चार-सहा खलाशी असले तर रात्र वाटून घेता येते. दोघांच्या बोटीवर मात्र एक जागा असेल तेव्हा दुसऱ्याने झोपायचे, एवढी एकच वाटणी शक्य असते. जोडपे बोटीवर राहते म्हणजे चोवीस तास एकमेकांच्या सहवासात असते, ही समजूत त्यामुळे भर समुद्रात खरी ठरत नाही. तिथे आमची भेट होते ती पहारा बदलताना आणि संध्याकाळच्या जेवणाला. उरलेला वेळ एकाने दुसऱ्याची झोप राखण्यात जातो. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यापासून कॅरिबियनमधील बार्बाडोसपर्यंत आलो तेव्हा मार्ग कोणता घ्यावा, शीड किती ठेवावे, नांगर कुठे टाकावा हे सगळे आम्ही याच हिशेबाने ठरवत आलो.

ब्रिटनीत घड्याळावर सत्ता भरती-ओहोटीची असते. कामारे बंदराहून दक्षिणेला निघालेल्या बोटीला रा द सँ ही सामुद्रधुनी ओलांडावी लागते आणि उधाणाच्या दिवसांत तिथला प्रवाह ६ नॉटांच्या (म्हणजे तासाला ६ सागरी मैलांच्या) आसपास धावतो. आमच्यासारख्या बोटीचा नेहमीचा वेगही तेवढाच असल्याने चुकीच्या वेळी तिथे पोहोचणाऱ्याला शिडे फुगलेली असूनही जागच्या जागीच राहावे लागते. त्यात वारा आणि प्रवाह समोरासमोर आले तर लाटा आखूड, उभ्या आणि फुटक्या होतात. म्हणून प्रवाह थांबून दिशा बदलण्याची वेळ गाठायची, आणि ती पहाटे तीनची असेल तर दोघांनीही पहाटे तीनला उठायचे. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी सर्वांत कमी असते तेव्हा, हाच रस्ता बराच सौम्य असतो. हाताशी वेळ असलेल्या जोडप्याने तेवढी वाट पाहावी असे माझे स्पष्ट मत आहे.

तिथून स्पेनच्या आ कोरुन्यापर्यंतचे बिस्केचे आखात सुमारे ३५० सागरी मैलांचे आहे. आखाताच्या मध्यावर खोली ४,००० मीटरहून अधिक आहे आणि कडेला समुद्रतळ एकदम चढून २०० मीटरांच्या आत येतो. अटलांटिकची लांब लाट त्या चढावर आली की उंच आणि तीव्र होते. बिस्केची ख्याती या चढामुळे आणि तिथून पूर्वेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे आहे. आम्हाला उत्तरेचा शांत वारा मिळाला, कारण तसा अंदाज येईपर्यंत आम्ही बंदर सोडलेच नव्हते. शेवटच्या रात्री रोमन काळापासून उभ्या असलेल्या हर्क्युलीसच्या दीपस्तंभाचा प्रकाश दिसू लागला : चार चमका, मग अंधार, आणि दर २० सेकंदांनी पुन्हा तेच. सुमारे दोन हजार वर्षे जहाजांना वाट दाखवणाऱ्या त्या दिव्याच्या चमका नकाशाशी ताडून पाहताना मला मनापासून कृतज्ञता वाटली.

गॅलिसिया आणि पोर्तुगालचा किनारा उन्हाळ्यात दक्षिणेकडे जाणाऱ्यांना अनुकूल असतो, कारण उत्तरेचा वारा दिवसच्या दिवस टिकून राहतो. तरीही संपूर्ण प्रवासात आमची सर्वांत कमी झोप याच किनाऱ्यावर झाली. २०२० पासून या भागात ओर्का मासे शिडाच्या बोटींच्या सुकाणूंना धडका देत आहेत आणि काही बोटी त्यात बुडाल्याही आहेत. (मासे म्हटले तरी ते डॉल्फिनच्या कुळातले सस्तन प्राणी आहेत.) हे टाळण्यासाठी किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातून जावे, असा सल्ला दिला जातो. पण उथळ पाण्यात मासेमारांनी खेकडे-शेवंडांसाठी टाकलेल्या पिंजऱ्यांचे तरंग (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा) असतात, आणि त्यांची दोरी पंख्यात किंवा सुकाणूत गुंतली तर बोट अडकते. दिवसा एकाने नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, उभे राहून तरंग शोधायचे आणि दुसऱ्याने सुकाणू धरायचे. रात्री तरंग दिसतच नाहीत. त्यामुळे आम्ही तिथे फक्त दिवसाउजेडी प्रवास केला. त्यातही नदीच्या मुखावरची अनेक बंदरे मोठी लाट आली की बंद होतात, म्हणून पोहोचायच्या बंदराबरोबर त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे एकेक बंदर आधीच पाहून ठेवावे लागत असे.

नांगरावरची रात्र शांत जाणार की नाही, हे नांगर टाकतानाच ठरते. समजा, पाण्याची खोली ६ मीटर आहे, भरतीने ती आणखी ३ मीटर वाढणार आहे आणि नाळ पाण्यापासून १ मीटर उंच आहे; तर हिशेब १० मीटरचा करायचा आणि त्याच्या चार ते पाच पट, म्हणजे ४० ते ५० मीटर साखळी सोडायची. साखळी तळावर आडवी पसरून राहिली तरच ओढ आडवी येते आणि नांगर रुतत जातो. ओढ वरच्या दिशेने आली की तो सुटतो. आमच्याकडे मी नाळेवर असते आणि नवरा सुकाणूवर, आणि आम्ही बोलत नाही. इंजिनाच्या आवाजात ओरडून बोलले की अर्धे ऐकू येते आणि पूर्ण चिडचिड होते, म्हणून हाताच्या खुणा ठरवल्या आहेत : पुढे, मागे, थांब, साखळी सरळ आली. इंजिन मागे चालवून नांगर पक्का झाल्याची खात्री केली, किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरून बोट सरकत नाही हे पाहिले आणि साखळीचा ताण घेणारी नायलॉनची दोरी बांधली, की मगच दोघांनाही एकाच वेळी झोपता येते.

कॅनरी बेटांमध्ये वारा बेटांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यांत एकाएकी १५ नॉटांनी वाढतो, एवढे ध्यानात ठेवले तर पुरते. तिथून सुमारे ८५० सागरी मैलांवर केप व्हर्डचे मिंडेलो बंदर आहे. खरी लांब मजल मिंडेलोपासून सुरू होते : बार्बाडोसपर्यंत २,००० सागरी मैलांहून थोडे अधिक, ईशान्येच्या व्यापारी वाऱ्यांवर, हरिकेनचा मोसम संपल्यानंतर.

पहिले दोन-तीन दिवस शरीर कुरकुर करते, मग पहाऱ्याची लय बसते. रात्री आम्ही तीन-तीन तासांचा पहारा ठेवतो. पहारेकऱ्याने दर पंधरा मिनिटांनी उठून सगळे क्षितिज नीट पाहायचे, कारण २० नॉटांनी येणारे मालवाहू जहाज आणि ६ नॉटांनी जाणारी आमची बोट समोरासमोर असतील तर दहा मैलांचे अंतर २३ मिनिटांत संपते. एआयएसच्या (आसपासच्या जहाजांची माहिती रेडिओवरून देणाऱ्या यंत्रणेच्या) पडद्यावर जहाजाचे नाव, वेग आणि ते किती अंतरावरून जाईल हे दिसते, पण ते यंत्र नसलेल्या बोटी त्यावर दिसत नाहीत, म्हणून डोळ्यांना सुट्टी नाही. जॅकेटचा पट्टा बोटीला अडकवल्याशिवाय रात्री कोणी बाहेर यायचे नाही, आणि दुसऱ्याला उठवल्याशिवाय कोणी पुढे डोलकाठीपाशी जायचे नाही, हे दोन नियम आमच्यात कधीही चर्चेला येत नाहीत.

पहारा सोपवताना बोलणे मोजकेच असते. (मेनसेल म्हणजे मुख्य शीड, आणि रीफ म्हणजे ते आखडण्यासाठी घेतलेली दुमड.) “वारा पूर्व-ईशान्य, १८ नॉट. मेनसेलला दोन रीफ आहेत. डावीकडे एक मालवाहू आहे, चार मैलांवरून आपल्या मागून जाईल, तेवढं बघ,” असे नवरा म्हणतो, मी दिवे पाहते, “दिसलं, जा तू,” म्हणते, आणि तो खाली जाऊन माझ्या अंगाने अजून ऊबदार असलेल्या बर्थवर आडवा होतो. बर्थच्या कडेला कॅनव्हासचे कापड ताणून बांधलेले असते, त्यामुळे बोट कितीही डोलली तरी झोपलेला माणूस खाली पडत नाही.

त्याची ही झोप मोडू नये म्हणूनच मेनसेलचे दोन रीफ संध्याकाळी, उजेडात आणि दोघांनी मिळून घेतलेले असतात. वारा पाठीमागून असताना तो फसवा वाटतो : खरा वारा २४ नॉट आणि बोटीचा वेग ७ नॉट असेल, तर अंगाला १७ नॉटच जाणवतात. शीड कमी करण्यासाठी बोट वाऱ्याकडे वळवली, की तोच वारा समोरून पूर्ण जोराने येतो. रात्री पावसाचा काळा ढग आला की वारा काही मिनिटांत १८ वरून ३० नॉटांवर जातो. शीड आधीच आखडलेले असेल तर पहारेकऱ्याला जेनोआ (पुढचे मोठे शीड) थोडी गुंडाळून एकट्याने निभावता येते. याची किंमत म्हणजे रात्री अर्ध्या-पाऊण नॉटाने वेग कमी राहतो. ती किंमत मी आनंदाने मोजते.

सुकाणू हाताने धरायचे असते तर दोघांना हा महासागर पार करणे फार जड गेले असते. जोशुआ स्लोकम यांनी १८९५ ते १८९८ या काळात पृथ्वीची पहिली एकट्याची सागरी प्रदक्षिणा केली, तेव्हा त्यांची ‘स्प्रे’ ही बोट सुकाणू बांधून ठेवले तरी हजारो मैल आपली दिशा धरून चालत असे. आमच्या बोटीत तो गुण नाही, म्हणून तिच्या मागच्या बाजूला पवनपट्टी आहे. वाऱ्याने पट्टी कलंडते, ती पाण्यातले पाते वळवते, वाहत्या पाण्याच्या जोराने ते पाते बाजूला झुकते आणि दोरीने सुकाणू ओढते. विजेचा एक थेंबही खर्च होत नाही. या यंत्राला मी मनातल्या मनात तिसरा खलाशी मानते. मात्र ते वाऱ्याशी कोन राखते, होकायंत्राशी नाही, त्यामुळे वारा फिरला की बोटही फिरते आणि दर तासाला दिशा तपासावी लागते. रोज सकाळी डेकवर पडलेले उडते मासे उचलताना मी प्रत्येक दोरीवरून हात फिरवते, कारण दिवसरात्र एकाच जागी घासणारी दोरी बाहेरून धड दिसते आणि आतून विरलेली असते.

बार्बाडोस हे बेट इतर बेटांच्या माळेपासून पूर्वेला वेगळे पडलेले आणि सखल आहे, त्यामुळे ते उशिरा दिसते. मिंडेलो आणि तिथल्या घड्याळात तीन तासांचा फरक आहे. परवानगी मागणारे पिवळे निशाण चढवून ब्रिजटाऊनला प्रवेशाची कागदपत्रे पूर्ण केली आणि कार्लाइल बेमध्ये नांगर टाकला.

१ जूनला हरिकेनचा मोसम सुरू होतो आणि त्याआधी आम्हाला दक्षिणेला सरकायचे आहे. बरेच जण ग्रेनाडाला थांबतात, पण २००४ मध्ये आयव्हन आणि २०२४ मध्ये बेरिल या वादळांनी त्या देशाचे किती नुकसान केले हे पाहता आम्ही त्रिनिदाद निवडले आहे. ग्रेनाडाहून ते सुमारे ८० सागरी मैल आहे, म्हणजे एका रात्रीची मजल. पहिला पहारा नवऱ्याचा असेल.