पाटीवरचं 'लि.' कुणाला वाचवतं?

बेळगावात, निपाणीत, खानापुरात पतसंस्थांच्या पाट्या बघा. मराठीत 'लि.' किंवा 'मर्यादित', कन्नडमध्ये 'नियमित'. मराठी माणूस 'नियमित' वाचतो आणि व्यवहार नेमाने चालणारी संस्था असेल असं धरून चालतो. कन्नडमध्ये पाटीवरच्या त्या शब्दाचा अर्थ 'लिमिटेड' एवढाच.

मर्यादा असते ती भागधारकाच्या जबाबदारीला. शंभर रुपयांच्या शेअरपैकी 25 भरले असतील आणि कंपनी बुडाली, तर त्याच्याकडून फार तर उरलेले 75 वसूल होतात. शेअर पूर्ण भरलेला असेल तर तेवढेच पैसे जातात. घर, शेत, दागिने यांना धक्का लागत नाही. इंग्लंडमध्ये 1855 च्या कायद्याने कंपनीच्या नावाच्या शेवटी 'लिमिटेड' हा शब्द सक्तीचा केला, तो उधार देणाऱ्याला आधीच कळावं म्हणून: वसुली कंपनीच्या मालमत्तेतूनच होईल, मालकांच्या घरातून नाही. आपल्याकडे तो प्रतिष्ठेचा शिक्का समजला जातो, हे मला फार धोक्याचं वाटतं.

कारण ठेवीदार म्हणजे उधार देणाराच. 'लि.' त्याला काहीच संरक्षण देत नाही. संरक्षण मिळतं ठेव विम्यातून, आणि तो फक्त बँकांना आहे. सहकारी बँका त्यात येतात, पतसंस्था येत नाहीत, कर्नाटकच्या सौहार्द सहकारी कायद्याखाली नोंदलेल्या पतसंस्थाही नाहीत. विम्याची हद्द 2020 पासून 5 लाख रुपये. एका बँकेच्या सगळ्या शाखांतल्या तुमच्या नावच्या ठेवी, मुद्दल आणि व्याज धरून, ही हद्द लागते. म्हणून 4 लाख 90 हजार ठेवलेत तर व्याज चढता चढता वरची रक्कम विम्याबाहेर जाते.

पैसे भरले की पावती तिथंच उभं राहून वाचा. 'मुदत ठेव' लिहिलंय की 'शेअर'? संस्था गुंडाळली तर आधी देणी भागतात, ठेवीही त्यातच. शेअरवाल्यांचा नंबर शेवटी.

आणि जामीनकी. भावकीत, शेजारात 'नुसती सही कर' म्हणतात. तिथं 'लि.' कामाला येत नाही. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. प्रायव्हेट लिमिटेडच्या संचालकाने कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिली असेल तर त्याचं घरही वसुलीत येऊ शकतं. सही करायच्या आधी कागदावर हमीची रक्कम आकड्यात आहे का बघा, आणि एक प्रत मागून घ्या.