वादळाचं पाणी किती चढतं? पुतण्या धामऱ्याला असताना केलेला हिशोब (माझा अनुभव)

मे २०२१ मध्ये यास वादळ बंगालच्या उपसागरात उठलं, तेव्हा माझा पुतण्या ओडिशात भद्रक जिल्ह्यात होता. धामरा बंदराच्या बाजूला एका ठेकेदाराकडे तो वेल्डिंगचं काम करायचा आणि मजुरांच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायचा. इकडे भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यात आमचं उन्हाळी धान चुरायचं पडलं होतं. वादळामुळे त्या मार्गावरच्या गाड्या रद्द होत होत्या, म्हणून त्याला गावाकडे बोलावणं शक्य नव्हतं. जे करायचं ते फोनवरूनच करायचं होतं.

"काका, वारा लई जोरात येते म्हणतात. शेडले तारा बांधून रायलो," तो म्हणाला.

"वाऱ्याचं राहू दे. पाणी किती येईल म्हणतात?"

ते त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. टीव्हीवरही वाऱ्याचाच वेग. मला पाण्याची धास्ती होती, कारण ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेचा पूर आमच्या भिंतीवर खूण ठेवून गेला होता. पण नदीचा पूर वरून येतो. वरच्या संजय सरोवर धरणातून किती पाणी सोडलं, गोसीखुर्द धरणाची दारं किती उघडली, याचे निरोप येत राहतात. समुद्राचं पाणी कशाने चढतं, हे आधी समजून घेणं भाग होतं. मी हवामान खात्याचं बुलेटिन उघडून बसलो. सोबतीला भूगोल शिकवणारे आमच्या गावचे गुरुजी होते, त्यांनी बराच वेळ दिला.

बुलेटिनमधलं एक वाक्य असं होतं: बालेश्वर, भद्रक आणि मेदिनीपूरच्या सखल भागात खगोलीय भरतीच्या वर २ ते ४ मीटर पाणी चढण्याची शक्यता. सगळी गोम 'भरतीच्या वर' या शब्दांत आहे. हे २ ते ४ मीटर जमिनीपासून मोजायचे नसतात. त्या घटकेला चंद्र-सूर्याच्या ओढीने समुद्र जिथवर चढलेला असेल, त्याच्या वर ही वादळाची फूग बसते. ओहोटी असेल तर तीच फूग निभावून जाते, भरती असेल तर गावात शिरते. आणि वादळ जमिनीला लागणार होतं २६ मेला. कॅलेंडर पाहिलं तर त्या दिवशी बुद्धपौर्णिमा, वर चंद्रग्रहण. म्हणजे उधाणाची, मोठी भरती. गुरुजी म्हणाले, "भाऊ, पोराले आजच उंचावर जायले सांग."

ही फूग येते कुठून, तेही त्यांनी समजावलं. वादळाच्या पोटात हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे समुद्र थोडा वर उचलला जातो. दाब १ मिलिबारने उतरला की पाणी साधारण १ सेंटिमीटर चढतं. १९९९ च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळात दाब नेहमीच्या हजाराच्या आसपासवरून ९१२ मिलिबारपर्यंत उतरला होता. एवढा उतरूनही त्याचं पाणी भरतं जेमतेम १ मीटर. तिथे तर समुद्र ५-६ मीटर चढला आणि सुमारे १० हजार माणसं गेली. बाकीचं सगळं पाणी वाऱ्याने किनाऱ्याकडे रेटलेलं होतं.

आणि रेटलेलं पाणी किती चढेल, हे समुद्राच्या तळावर ठरतं. परातीतल्या पाण्यावर जोरात फुंकर मारली तर ते काठावरून सांडतं, विहिरीत मारली तर काठापर्यंतसुद्धा येत नाही. खोल समुद्रात रेटलेलं पाणी खालून परत फिरतं. उथळ किनाऱ्यावर त्याला परतायला वाव नसतो, ते जमिनीवर चढतं. उपसागराचं उत्तर टोक उथळ आहेच, शिवाय नरसाळ्यासारखं निमुळतं. पुतण्याने हे स्वतः पाहिलेलं होतं: सुटीच्या दिवशी तो चांदीपूरला गेला होता, तिथे ओहोटीला समुद्र काही किलोमीटर मागे सरतो आणि लोक ओल्या वाळूवर चालत आत जातात. "जिथं चालत गेला होतास ना, तेच तिथलं भय आहे," मी त्याला सांगितलं. ते त्याला लगेच पटलं.

याच टोकाला, आजच्या बांगलादेशात, १९७० च्या भोला वादळात पाणी १० मीटरच्या घरात चढल्याचं सांगतात आणि ३ ते ५ लाख माणसं गेली. त्याच भागात १८७६ च्या बाकरगंजच्या वादळात १२ मीटरहून जास्त पाण्याची नोंद आहे. जगातला सर्वांत मोठा आकडा ऑस्ट्रेलियातल्या १८९९ च्या माहिना वादळाचा, सुमारे १३ मीटर, पण त्यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. अमेरिकेत २००५ च्या कॅटरीना हरिकेनने मिसिसिपीच्या किनाऱ्यावर साडेआठ मीटर पाणी चढवलं, आणि जमिनीला लागताना ते तिसऱ्या श्रेणीचंच होतं (तिथे वाऱ्याच्या वेगावरून एक ते पाच श्रेणी लावतात). २००४ चं चार्ली चौथ्या श्रेणीचं असून पाणी २ मीटरच्या आसपास. २००८ चं आइक दुसऱ्या श्रेणीचं, पण अंगाने मोठं, त्याने साडेचार ते सहा मीटर चढवलं. नुसत्या वाऱ्याच्या वेगावर विसंबणाऱ्या माणसाने हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

मग राहिला एकच प्रश्न: शेडची जमीन किती उंच? मोबाइलवर दिसणारी उंची काही मीटरने चुकू शकते, त्यावर जीव टांगणं मला मान्य नव्हतं. मी पोराला म्हटलं, शेजारच्या गावात जा, म्हाताऱ्या माणसाला विचार, पाणी याआधी कुठवर आलं होतं. त्यांनी त्याला गावाबाहेरचं चक्रीवादळ निवारा केंद्र दाखवलं. १९९९ नंतर ओडिशाने किनाऱ्यावर अशी शेकडो केंद्रं उभारली. खालचा मजला मोकळा, नुसते खांब, पाणी आलं तर खालून वाहून जावं म्हणून. ठेकेदाराचा माणूस म्हणत होता, उद्या बघू. पुतण्या आणि त्याचे शेडमधले सोबती, पाचही जण, थांबले नाहीत. कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तोंडाला मास्क बांधून ते संध्याकाळीच तिथे पोचले.

वादळ २६ तारखेला सकाळी, धामऱ्याच्या उत्तरेला, बालेश्वरच्या दक्षिणेला जमिनीला लागलं. आपल्या गोलार्धात वादळाचं वारं घड्याळाच्या उलट फिरतं, त्यामुळे त्याच्या वाटेच्या उजव्या हाताला वारा समुद्रातून जमिनीकडे येतो आणि पाणी तिकडे जास्त चढतं. म्हणून बालेश्वर आणि पश्चिम बंगालमधल्या दिघ्याच्या बाजूला जास्त मार बसला, दिघ्यात समुद्र रस्त्यांवर होता. वादळ वीस-पंचवीस कोस दक्षिणेला सरकलं असतं तर उजवा हात धामऱ्यावर आला असता. तरीही भद्रकच्या सखल गावांत खारं पाणी शिरलंच. शेडमध्ये गुडघाभर होतं, असं तो परत गेल्यावर म्हणाला. त्याच्या आईने तोवर अन्न घेतलं नव्हतं.

पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये दाना वादळ त्याच पट्ट्यात, भितरकनिका आणि धामरा यांच्या दरम्यान आलं. यावेळी फोन त्यानेच केला. "काका, २४ तारखेच्या रात्री लागते. अष्टमी आहे, भांगाची म्हणजे लहान भरती आहे, यासइतकं पाणी नाही चढणार." मी विचारलं, मग शेडमध्येच थांबणार का? तो म्हणाला, "नाही, केंद्रात आलो. आईले सांगा, जेवून घे म्हणा."