डग्लसच्या खांबाखाली

शिकागोला आलेला मराठी माणूस मिलेनियम पार्कातल्या चकचकीत ‘बीन’मध्ये स्वतःचं वाकडंतिकडं प्रतिबिंब बघतो, सरोवराकाठी फोटो काढतो आणि सवड असलीच तर लिंकनसाठी स्प्रिंगफील्ड गाठतो. मला लिंकनच्या प्रतिस्पर्ध्याला भेटायचं होतं. स्टीफन डग्लस, इलिनॉयचा सिनेटर. उंची जेमतेम पाच फूट चार इंच, आवाज मात्र दणदणीत. लोक त्याला ‘लिट्ल जायंट’ म्हणत.

ग्रीन लाइनने 35व्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरलो. पाटीवर ‘आयआयटी’ लिहिलेलं होतं, पण ही पवईची नव्हे, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. तिथून सरोवराच्या दिशेने चालत निघालो. हा ब्रॉन्झव्हिल भाग. विसाव्या शतकात दक्षिणेतल्या जाचाला कंटाळून निघालेल्या कृष्णवर्णीयांनी इथे आपलं शहर वसवलं. किंग ड्राइव्हच्या चौकात पहिल्या महायुद्धात लढलेल्या इलिनॉयच्या कृष्णवर्णीय पलटणीचं स्मारक आहे. तिथे थांबलो आणि मग पुढे डग्लसकडे.

छोटीशी बाग, मधोमध 96 फूट उंचीचं स्मारक आणि अगदी टोकावर डग्लसचा ब्राँझचा पुतळा. पुतळाच पावणेदहा फुटांचा. बुटक्या माणसाला इतकं वर चढवलंय की खालून चेहरा धड दिसत नाही. चबुतऱ्यात संगमरवरी शवपेटी, चार कोपऱ्यांवर चार स्त्रिया बसलेल्या: इलिनॉय, इतिहास, न्याय आणि वक्तृत्व. वक्तृत्वाबद्दल वाद नाही. न्यायाला तिथे बसवलेलं बघून मी जरा घुटमळलो.

कारण 1854चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा याच माणसाचा. 1820च्या मिसुरी तडजोडीने पश्चिमेकडच्या त्या मुलखात एका रेषेच्या उत्तरेला गुलामगिरीला मज्जाव केला होता. डग्लसने ती रेषाच पुसली. गुलाम ठेवायचे की नाही ते तिथल्या वसाहतवाल्यांनी मतदानाने ठरवावं, असं त्याचं म्हणणं. ऐकायला किती लोकशाहीवादी! ज्यांच्या गळ्यात साखळी पडणार त्यांना मात्र मत नव्हतं. शिकागोतून पॅसिफिकपर्यंत रेल्वे न्यायची तर तो मुलूख संघटित व्हायला हवा आणि त्यासाठी गुलामगिरी असलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांची मतं हवीत, हा हिशेबही त्यामागे होता असं बरेच इतिहासकार मानतात. शिवाय पहिल्या बायकोकडून आलेल्या मिसिसिपीतल्या मळ्याच्या उत्पन्नात व्यवस्थापक म्हणून त्याचा वाटा होता, आणि तो मळा गुलामांच्या कष्टावर चालायचा.

कॅन्ससमध्ये रक्त सांडलं. उत्तरेत डग्लसच्या प्रतिमा इतक्या जागोजागी जाळल्या गेल्या की त्यांच्याच उजेडात आपण बॉस्टनहून शिकागोपर्यंत येऊ शकलो असतो, असं तो स्वतःच म्हणाला. त्याच वर्षी शिकागोच्या सभेत लोकांनी आरडाओरडा करून त्याला बोलू दिलं नाही.

तरी गडी टिकला. 1858मध्ये सिनेटच्या जागेसाठी लिंकनशी सात गावांत त्याचे जाहीर वादविवाद झाले. पहिल्याने तासभर बोलायचं, दुसऱ्याने दीड तास, मग पहिल्याला उत्तरासाठी अर्धा तास. आपल्याकडच्या टीव्हीवरच्या चर्चा आठवून मला त्या श्रोत्यांचा हेवा वाटला. तेव्हा सिनेटरची निवड राज्याचं विधिमंडळ करायचं, त्यामुळे जागा डग्लसने राखली. पण देशभर नाव लिंकनचं झालं.

मला डग्लसबद्दल थोडीफार आपुलकी वाटते ती त्याच्या शेवटच्या वर्षामुळे. 1860च्या अध्यक्षीय निवडणुकीत आपण हरणार हे कळल्यावर तो घरी बसला नाही. ‘आता संघराज्य वाचवायला हवं, मी दक्षिणेत जातो,’ म्हणत निघाला आणि फुटून निघू नका असं तिथल्या लोकांना तोंडावर सांगत फिरला. एप्रिल 1861मध्ये फुटलेल्या दक्षिणेने समटर किल्ल्यावर तोफा डागल्या, यादवी युद्ध सुरू झालं, लिंकनने 75,000 सैनिक मागवायचं ठरवलं. डग्लस त्याला भेटून म्हणाला, दोन लाख मागवा. पुढे 3 जूनला शिकागोत टायफॉइडने गेला. वय 48.

हे स्मारक घडवणारा लिओनार्ड व्होक डग्लसच्या नात्यातला. गंमत म्हणजे 1860मध्ये लिंकनच्या चेहऱ्याचा साचा घेणाराही तोच. 1866मध्ये कोनशिलेला अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन आले, पण काम संपायला 1881 उजाडलं. जवळच युद्धकाळात डग्लसच्याच नावाची छावणी होती. तिथे दक्षिणेचे युद्धकैदी ठेवत. चार हजारांहून अधिक जण तिथे मेले. आज त्या जागेवर घरं उभी आहेत.

2020मध्ये स्प्रिंगफील्डच्या विधानभवनासमोरचा डग्लसचा पुतळा हलवला गेला. शिकागोच्या पश्चिम भागातलं त्याच्या नावाचं उद्यान विद्यार्थ्यांच्या चळवळीमुळे फ्रेडरिक आणि ॲना डग्लस यांच्या नावाचं झालं. आडनाव सारखं वाटलं तरी हा डग्लस वेगळा. हा फ्रेडरिक गुलामीतून पळालेला, गुलामगिरीविरुद्ध लढणारा, आणि आमचे सिनेटर वादविवादांत याच्याच नावाने गोऱ्या श्रोत्यांना भडकवायचे. इथलाही पुतळा उतरवा, अशी मागणी काही आमदारांनी केली होती. माझं मत विचाराल तर राहू द्यावा. मात्र खाली त्या मळ्याचा हिशेबही ठळक अक्षरांत लावावा.

जाणार असाल तर चालत जा आणि परतताना किंग ड्राइव्हवर कृष्णवर्णीयांच्या झुंडबळींविरुद्ध लिहिणाऱ्या पत्रकार आयडा बी. वेल्स यांचं घर बाहेरून पाहा. दिवस हाताशी असेल तर युनियन स्टेशनवरून क्विन्सीची गाडी पकडून गेल्सबर्गला उतरा. तिथल्या नॉक्स कॉलेजची ‘ओल्ड मेन’ इमारत अजून उभी आहे. पाचवा वादविवाद तिच्याच भिंतीलगत झाला होता.