काशी: गोदौलियाचा तो अर्धा किलोमीटर वगळून

आधी पैशाचं सांगतो, कारण तेच अजून डोक्यातून गेलेलं नाही. काशीत मी आणि माझा मेहुणा विश्वनाथाच्या दर्शनाला निघालो आणि चपला ठेवण्याचे ६८० रुपये देऊन आलो.

प्रकार असा. गोदौलिया चौकातून मैदागिनच्या दिशेनं चालायला लागलं की मंदिराच्या चार नंबर गेटपर्यंत दोन्ही बाजूंना हार-पेढ्यांची दुकानं आहेत. प्रत्येक दुकानाचा एक पोरगा रस्त्यावर पेरलेला. तो तुमच्याबरोबर पन्नास पावलं चालतो. "कहाँ से? महाराष्ट्र?" आणि लगेच मराठीत, "या साहेब, चप्पल इथं ठेवा, लॉकर फुकट." मंदिरात मोबाईल, बॅग, स्मार्ट घड्याळ काहीच नेता येत नाही, हे त्याला पाठ असतं आणि आपल्याला आयत्या वेळी कळतं. लॉकर खरंच फुकट आहे. फक्त किल्लीबरोबर हातात एक टोपली येते: बेल, हार, पेढ्यांचा डबा, इवल्या तांब्यात दूध. भाव विचारला तर "अरे, पहले दर्शन तो कर लीजिए." आम्ही दर्शन करून आलो आणि मग आकडा कळला. भांडणार काय? दोघांचेही मोबाईल त्याच्या कपाटात.

तेव्हा पुढं जाणाऱ्यांनी मोबाईल खोलीवरच ठेवावा. चपलासुद्धा खोलीवर ठेवून अनवाणी गेलात तरी कुणी बघत नाही, निम्मी काशी अनवाणीच असते. ठेवायचंच झालं तर टोपलीला हात लावण्याआधी आकडा बोलून घ्या. लवकर दर्शन हवं असेल तर मंदिर न्यासाची 'सुगम दर्शन'ची पावती आहे, ती घ्या. रस्त्यावर 'व्हीआयपी' म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढं चला. दुसऱ्या दिवशी आम्ही नदीच्या बाजूनं, ललिता घाटाच्या पायऱ्यांवरून वर गेलो. २०२१च्या डिसेंबरात तो नवा परिसर खुला झाल्यापासून ही वाट आहे, आणि तिथं आमच्या मागं कुणी लागलं नाही.

हे सगळं वाचून काशीची माणसं लबाड आहेत असा समज करून घेऊ नका. लबाडी आहे ती त्या अर्ध्या किलोमीटरात. गल्लीत शिरलात की गाव वेगळं.

गल्लीत शिरणं मात्र सोपं नाही. "स्टेशनवरून रिक्षा थेट घाटावर सोडते," असं मेहुण्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं. धुक्यामुळे गाडी पाच तास उशिरा पोचली होती, अंगात त्राण नव्हतं, आणि ई-रिक्षावाल्यानं मैदागिनला उतरवून दिलं. "आगे पैदल." आमची खोली ब्रह्मा घाटाजवळ, माझी बॅग चाकांची. काशीच्या गल्लीत चाकांची बॅग म्हणजे लग्नात आणलेली सायकल. दगडी फरशा, दर वीस पावलांवर दोन-तीन पायऱ्या, मध्येच शेण आणि वळणावर आडवा बसलेला सांड. पाठीवरचीच बॅग न्या, दुसरी नकोच. नकाशावरचा निळा ठिपका घरांच्या भिंतींतून आरपार फिरत असतो, त्याचा उपयोग शून्य. रस्ता विचारला की प्रत्येक जण सांगतो, "सीधे चले जाइए." तीन तिठे ओलांडल्यावर मी मेहुण्याला म्हटलं, बाबा, इथं सीधं असं काही आहे का? तो म्हणाला, "दाजी, बोलू नका, दम लागतोय."

तेवढ्यात एका ओट्यावरून आवाज आला, "कुठले आपण?"

शालीत गुंडाळलेले एक आजोबा होते. ब्रह्मा घाट, दुर्गा घाट या भागात मराठी घरं पिढ्यान् पिढ्या आहेत हे ऐकून होतो, पण थंडीत, काळोखात, ते असं समोर येऊन बसेल असं वाटलं नव्हतं. आजोबांच्या मराठीला हिंदीची चाल होती आणि शब्द आपल्या आजीच्या वेळचे. त्यांनी नातवाला हाक मारली, त्यानं न विचारता माझी ती बॅग डोक्यावर घेतली आणि दोन वळणांत आम्हाला दारात नेऊन सोडलं. मी खिशात हात घातला तर पोरगं पळून गेलं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: खोली उत्तरेकडे घ्या, पंचगंगा घाटाच्या आसपास. दशाश्वमेधाजवळ झोप होत नाही.

आता गल्लीचं. चौकाच्या मागं एका कढईपाशी सकाळी आम्ही द्रोणात कचोडी-भाजी घेऊन उभे होतो. गल्ली एवढी की मी हात पसरले असते तर दोन्ही भिंती लागल्या असत्या. मागून "राम नाम सत्य है" आलं. बांबूची तिरडी, वर झगझगीत भगवं-सोनेरी कापड. आम्ही द्रोणासकट भिंतीला चिकटलो. जिलबीवाल्यानं नुसता डोक्यावरचा लोंबता तराजू एका बोटानं बाजूला धरला, दुसऱ्या हातानं वेढे चालूच. बाकड्यावरच्या गिऱ्हाइकानं गुडघे आत ओढले आणि चहाच्या कुल्हडावर तळवा ठेवला. तिरडी गेली, तिच्यामागं एक स्कूटरवाला हॉर्न न वाजवता पाय टेकत टेकत गेला, आणि सगळ्यांत शेवटी, कानटोपी घातलेला, बहुधा नात्यातलाच एक माणूस क्षणभर थांबून परातीकडे बघून पुढं गेला. तराजू परत जागेवर. मेहुण्यानं त्या दिवशी दुसरी कचोडी घेतली नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच द्रोण उंच धरून वाट करून दिली.

या तिरड्या सगळ्या मणिकर्णिकेला, म्हणजे स्मशानाच्या घाटावर जातात. तिथं फोटो काढू नका, हे सांगायला लागू नये. "गरिबांच्या लाकडासाठी" म्हणून किलोच्या भावानं दान मागणारे भेटतील. त्यांच्याशी बोलायलाही थांबू नका, थांबलात की तिघं होतात. शेजारीच शिंदे घाट. ग्वाल्हेरच्या बायजाबाईंनी १८३०च्या सुमारास बांधलेल्या या घाटाचं बांधकाम इतकं जड की ते खचलं. त्याच्या पायथ्याशी कललेलं रत्नेश्वराचं देऊळ मात्र पाहाच. आपल्याकडच्या लोकांनी इथं केवढं बांधून ठेवलंय! आत्ताचं विश्वनाथाचं देऊळसुद्धा १७८०चं, अहिल्याबाईंचं. दर्शनाच्या रांगेत हे आठवलं तर ६८० रुपये जरा कमी टोचतात. जराच.

डिसेंबर-जानेवारीत गेलात तर मलइयो सोडू नका. आटवलेलं दूध रात्रभर दवात ठेवून पहाटे घुसळून काढलेला केशरी फेस, कुल्हडात. जिभेवर ठेवेपर्यंत नाहीसा होतो. संपला की विक्रेता त्याच कुल्हडात केशराचं दूध ओततो, त्यासाठी उभं राहायचं असतं, आम्ही पहिल्या दिवशी कुल्हड फोडून मोकळे झालो होतो. ऊन चढलं की फेस बसतो, म्हणजे सकाळी लवकर. लहर लागली म्हणून दुपारी विचाराल तर हसतात.

नाववाल्यानं ३००० सांगितले, ६०० ला नेलं. खरा भाव काय असेल देव जाणे. अस्सीपासून राजघाटापर्यंत घाटांवरून चालत जाता येतं, सहा-सात किलोमीटर, पायऱ्यांची सवय हवी. नावेपेक्षा तेच बरं. कपडे आपटणारे, पतंगात अडकलेली पोरं, पायऱ्यांवर क्रिकेट. चेंडू गंगेत गेला की डाव संपत नाही, एक जण कपड्यांसकट उडी मारतो. भर थंडीत! पावसाळ्यात मात्र ही वाट पाण्याखाली असते. सारनाथला एक दिवस गेला, छान गेला. आरतीबद्दल मला काही म्हणायचं नाही, समोरच्याच्या उंचावलेल्या मोबाईलमधून पाहिली.

परतीचं तिकीट काढताना स्टेशन दोनदा वाचा. वाराणसी जंक्शन वेगळं, वाराणसी सिटी वेगळं, काशी वेगळं आणि 'बनारस' म्हणजे जुनं मडुवाडीह, २०२१ मध्ये नाव बदललेलं. शिवाय कित्येक गाड्या गावात येतच नाहीत, नदीपलीकडे मुगलसरायला थांबतात, आणि त्याचंही नाव आता पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन आहे. आम्ही "बनारस स्टेशन" म्हणालो, रिक्षावाला म्हणाला, "कौन सा?" आणि आमच्यात भांडण लागलं. तिकीट काढून बघावं तर ते मेहुण्याच्या मोबाईलमध्ये, आणि चार्जिंग संपलेलं.

पेढ्यांचा तो डबा घरी आल्यावर उघडला. नुसती साखर. बायको म्हणाली, प्रसाद आहे, नावं ठेवू नका.