गुरुवारी तीन ते सहा

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते. "ऐन सप्टेंबरमध्ये, टॅक्स ऑडिटची मुदत डोक्यावर असताना, तुम्ही दर गुरुवारी तीन ते सहा फोन बंद करून जाता तरी कुठे?" हा प्रश्न मला क्लायंटनी विचारला आहे, बरोबरीच्या सीए मैत्रिणींनी विचारला आहे, आणि माझ्या पुण्यातल्या टिळक रस्त्यावरच्या ऑफिसातल्या एका आर्टिकलने, म्हणजे सीए होण्यासाठी हाताखाली काम शिकणाऱ्या उमेदवाराने, दारात उभे राहून भीतभीत विचारला आहे. त्यातली तक्रार मला समजते. ऑडिटचा, म्हणजे प्राप्तिकरासाठी केलेल्या हिशेबतपासणीचा, अहवाल वेळेत चढला नाही तर उलाढालीचा अर्धा टक्का किंवा दीड लाख रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम दंड म्हणून भरावी लागू शकते, आणि ती भीती मीच तुमच्या मनात घातलेली असते. मला त्रास होतो तो कौतुकाचा. "आयुष्यात काय महत्त्वाचे ते तुम्हाला नेमके कळले आहे," असे कोणी म्हणाले की खोट्या ताळेबंदावर सही केल्यासारखे वाटते.

मी वडिलांकडे जाते, सहकारनगरला. ऑफिसपासून दुचाकीवर पंधरा मिनिटे लागतात.

२०२० च्या टाळेबंदीत हाती वेळ होता तेव्हा मी फोनमधल्या कॅलेंडरला रंग दिले होते. निळा कामाचा, हिरवा घरच्यांचा, पिवळा वाचनाचा आणि चालण्याचा. दर रविवारी रात्री पुढचा आठवडा मांडायचा आणि हिरवा कमी दिसला तर वाढवायचा, असा माझा नेम होता, आणि ऑफिसातल्या मुलांना, त्यांनी विचारलेले नसतानाही, तो मी शिकवत असे. ती बाई म्हणजे तेव्हाची मीच, आणि तिच्याशी माझा वाद अजून मिटलेला नाही. ती म्हणते, पद्धतीत काही खोट नव्हती, महिनाच तसा होता. मी तिला म्हणते, अगं, सातला टीडीएस, अकराला आणि वीसला जीएसटी, पंधराला ॲडव्हान्स टॅक्स, तीसला ऑडिट, सगळ्या सरकारी मुदती. हा महिना दुसऱ्याने आधीच भरून ठेवलेला होता आणि तू उरलेल्या फटी रंगवत होतीस. यावर ती गप्प बसत नाही. पोटापाण्याचे काम हेही घरच्यांसाठीच असते, मग तो रंग निळा कसा, असे विचारते. याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

२०२३ च्या ऑगस्टअखेरीस बाबांचा फोन आला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, फोनवर कामापुरतेच बोलणारा हा माणूस. "एक दुपार काढ. लॉकर उघडायचा आहे, नावे लावायची आहेत, आणि थोडे बसू." मी लगेच मंगळवार, ५ सप्टेंबर, दुपारी तीन, असा हिरवा चौकोन टाकला. पाचला एका क्लायंटच्या मालसाठ्याचा हिशेब जुळेना, म्हणून तो चौकोन बोटाने ओढून बाराला नेला. बाराला ऑफिसातल्या दोन मुली तापाने घरी. मग एकवीस ठरवली. एकवीसला गौरी आवाहन आहे हे ठरवताना लक्षातही आले नाही, यावरून माझी त्या महिन्यातली अवस्था ओळखावी. सव्वीसला काय आडवे आले ते आता आठवतही नाही. दर वेळी मी फोन करून कळवत होते आणि दर वेळी बाबा म्हणत होते, "तुझे उरकू दे आधी." हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगते आहे, ते मला कळते.

अठ्ठावीसला अनंत चतुर्दशी होती. टिळक रस्ता मिरवणुकीचा, त्यामुळे आम्ही सकाळीच ऑफिसात शिरलो आणि खिडक्या लावून, ढोलांनी काचा थरथरत असताना, आकडे तपासत बसलो. तीसला संध्याकाळी शेवटचे दोन अहवाल उरले तेव्हा मी बाबांना फोन केला. दोन ऑक्टोबरला गांधी जयंतीची बँकेला सुटी, म्हणून तीन ऑक्टोबर, मंगळवार. आता काहीही झाले तरी येते, असे मी शब्द दिल्यासारखे सांगितले. ते बरे म्हणाले. त्यांचा तोच शेवटचा सरळ शब्द, कारण एक तारखेच्या पहाटे त्यांना पक्षाघात झाला.

उजवा हात गेला आणि बोलणे गेले. डॉक्टरांनी त्याला वाचाघात म्हटले: जवळजवळ सगळे समजते, पण शब्द सापडत नाहीत. चौथ्या दिवशी त्यांचे कपडे आणायला मी सहकारनगरच्या घरी गेले. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी कालनिर्णय होते आणि पान सप्टेंबरचेच होते. बाबा त्यावर पेन्सिलीने दुधाचे खाडे आणि गॅस सिलिंडर लावल्याची तारीख लिहीत. पाच तारखेच्या चौकोनात लिहिले होते, "मनू, ३ वा.", आणि त्यावर एक रेघ. मनू म्हणजे मी. बाराच्या चौकोनात तेच, त्यावर रेघ. एकवीस. सव्वीस. आयुष्यभर नकाशे काढलेल्या माणसाच्या त्या रेघा पट्टी धरून मारल्यासारख्या सरळ होत्या. मी पान उलटले. तीन ऑक्टोबरला "मनू, ३ वा." होते आणि त्यावर रेघ नव्हती.

मी तिथेच उभी राहून फोन उघडला. माझ्या कॅलेंडरमध्ये सप्टेंबर स्वच्छ होता. चौकोन ओढून पुढे नेला की जुन्या जागी काहीच उरत नाही. तिथे एकच भेट दिसत होती, तीन ऑक्टोबरची, हिरवी.

बँकेचे काम पुढे झाले, अंगठ्यावर, साक्षीदारांसमोर. लॉकरमधून आईच्या पाटल्या आणि घराची कागदपत्रे निघाली, म्हणजे आम्हाला माहीत होते तेच. राहिले ते "थोडे बसू". त्यात काय बोलायचे होते असे विचारले तर ते हो म्हणतात, आणि काही बोलायचे नव्हते ना, असे विचारले तरी हो म्हणतात. नाशिकची धाकटी बहीण म्हणते, त्यांना नुसता चहा प्यायचा होता, तू उगाच त्याचे एवढे करतेस. तसेही असेल. पण चहासाठीही मी चार वेळा गेले नव्हते.

एवढे झाल्यावर मी शहाणी झाले आणि गुरुवार राखून ठेवला, असे तुम्हाला वाटत असेल तर तसेही नाही. बाबा घरी आल्यानंतरचे पहिले तीन महिने माझ्या भेटी पूर्वीसारख्याच सरकत होत्या. गुरुवार ठरला तो त्यांना सांभाळणाऱ्या मावशींमुळे. पर्वती पायथ्याला त्यांच्या बचत गटाची बैठक गुरुवारी साडेतीनला असते आणि गैरहजर राहणाऱ्या बाईला दहा रुपये दंड बसतो. मी तीनला पोचले नाही तर मावशींना निघता येत नाही. माझ्या हिरव्या रंगाला जे जमले नाही ते त्या दहा रुपयांना जमले. सरकारने दंड लावलेली एकही तारीख मी पंचवीस वर्षांत चुकवलेली नाही. बाबांच्या दुपारीला दंड नव्हता, एवढाच फरक होता, आणि तो मान्य करायला मला अजून लाज वाटते.

तोही गुरुवार मी मोडला आहे. २६ सप्टेंबर २०२४ ला पुण्यात इतका पाऊस होता की पंतप्रधानांचा कार्यक्रम रद्द झाला, आणि मी मावशींना पावसाचेच कारण सांगितले. खरे कारण निळे होते. रविवारी, एकोणतीसला, मुदत सात ऑक्टोबरपर्यंत वाढल्याचे परिपत्रक आले. पुढच्या गुरुवारी मी मावशींना दहा रुपये दिले. त्यांनी काही न बोलता ते बटव्यात ठेवले. कालनिर्णयावरची त्या तारखेची रेघ मी मारली आणि ती वाकडी आली.

२५ सप्टेंबर २०२५ हाही गुरुवारच होता. बाबा आणि मी वारांची नावे म्हणत होतो. ते सोमवारपासून नीट सुरुवात करतात, बुधवारनंतर अडतात आणि माझ्याकडे बघतात. सहाला फोन सुरू केला तर मुदत ३१ ऑक्टोबरपर्यंत गेल्याचे निरोप भराभर येऊ लागले. तेव्हा मला स्वतःचे बरोबर ठरल्याचे समाधान वाटायला हवे होते. वाटले नाही, कारण त्या तीन तासांतले निदान दोन मी मनातल्या मनात एका क्लायंटचा घसारा काढत होते, आणि बाबांना ते कळत होते असा मला दाट संशय आहे.

आता तुमच्या प्रश्नाचे व्यवहारी उत्तर. मावशींचा गट पुढच्या महिन्यापासून शनिवारी बसणार आहे आणि शनिवारी त्यांची सून येते, म्हणजे गुरुवारी मला जायला भाग पाडणारे कोणी उरणार नाही. पुढच्या महिन्याच्या पानावर मी पेन्सिलीने चारही गुरुवारी "मनू, ३ वा." लिहून ठेवले आहे. ते टिकते का, हे मलाही बघायचे आहे. तुमचे कागद मात्र बुधवारीच पाठवा.